रोज तोच जॉब, हजारोंच्या संख्येनं: सॉफ्टवेअरवर उत्पादनाचं नियोजन कसं बसवायचं

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव. या पट्ट्यांतल्या कितीतरी कारखान्यांत वर्षभर तोच ब्रॅकेट, तेच बुश, तेच गिअर ब्लँक निघत असतं. रोज हजार, दोन हजार, कधी दहा हजार. अशा कारखान्यात प्लॅनिंगला नव्यानं रुजू झालेल्या माणसासमोर पहिल्याच आठवड्यात एक सॉफ्टवेअर उघडून ठेवतात आणि सांगतात, ‘आता प्लॅन यातून काढायचा.’ हा लेख त्या माणसासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. बहुतेक सॉफ्टवेअरची मूळ रचना सुट्या कामांसाठी असते: ऑर्डर आली, वर्क ऑर्डर उघडली, स्टोअरमधून माल काढला, काम झालं, ऑर्डर बंद. मोल्ड किंवा खास यंत्र बनवणाऱ्याला हे बरोबर बसतं. तुमच्याकडे मात्र काम कधी सुरू होत नाही आणि संपतही नाही, ते वाहत असतं. म्हणून तुम्ही नियोजन करायचं ते वेगाचं. दिवसाला किती, तासाला किती, आणि आजवर एकूण किती व्हायला हवे होते. ऑर्डर ही त्या वेगाची फक्त नोंद. हा फरक लक्षात न घेता सॉफ्टवेअर बसवलं, की महिन्याभरात चारशे उघड्या वर्क ऑर्डर साचतात आणि लोक परत एक्सेलकडे वळतात.

समजायला सोपं जावं म्हणून सगळ्या लेखात एकच नमुना घेऊ. दुचाकीचा एक ब्रॅकेट, डावा आणि उजवा. कॉइलमधून (पोलादी पत्र्याच्या गुंडाळीतून) ब्लँकिंग, म्हणजे प्रेसवर सपाट तुकडा कापणं, मग ओळीतच फॉर्मिंग, म्हणजे त्याला आकार देणं, त्यानंतर वेल्डिंगला दोन नट आणि एक पिन, मग बाहेरच्या पार्टीकडे सीईडी कोटिंग (विजेच्या मदतीनं बसवलेला गंजरोधक रंगाचा थर), परत आल्यावर तपासणी, ५०च्या बिनमध्ये पॅकिंग आणि डिस्पॅच. महिन्याचं शेड्यूल ३०,००० नग: डावे १८,००० आणि उजवे १२,०००. कामाचे दिवस २५. आकडे शिकवण्यासाठी घेतलेले आहेत. तुमच्या जॉबचे घालून सगळा हिशोब पुन्हा करून बघा.

पहिली पायरी: वेग कागदावर काढा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वही उघडा. ३०,००० भागिले २५, म्हणजे दिवसाला १,२०० नग. दोन शिफ्ट, प्रत्येकी आठ तास. जेवणाची ३० मिनिटं आणि चहाच्या दोन सुट्ट्या दहा-दहा मिनिटांच्या वजा केल्या की शिफ्टला ४३० मिनिटं उरतात. दोन शिफ्टची ८६० मिनिटं, म्हणजे ५१,६०० सेकंद. त्याला १,२००नं भागलं की ४३ सेकंद. दर ४३ सेकंदांनी एक चांगला नग ओळीतून बाहेर पडला पाहिजे. याला टॅक्ट टाइम म्हणतात. तासाचा हिशोब केला तर साधारण ८४ नग.

आता वेल्डिंगचं स्टेशन बघा. समजा घड्याळ लावून मोजलेला सायकल टाइम ३८ सेकंद आला. ३८ हे ४३पेक्षा कमी, म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं. सॉफ्टवेअरही तेच म्हणेल, कारण नव्या वर्कस्टेशनची कार्यक्षमता बहुधा १०० टक्के धरलेली असते. पण वायर संपते, टिप बदलावी लागते, फिक्श्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) साफ करावं लागतं, नटांची ट्रॉली उशिरा येते. प्रत्यक्षात मशीन ८५ टक्के वेळच चालत असेल, तर ५१,६००पैकी ४३,८६० सेकंदच हाती येतात. भागिले ३८, म्हणजे १,१५४ नग. रोज ४६ कमी. पंचवीस दिवसांत ११५०.

हा खड्डा महिन्याच्या २६ तारखेला कळला तर रात्री जागून भरावा लागतो. पहिल्या तारखेला कळला तर बैठकीत सुटतो. म्हणून ही ८५ टक्क्यांची संख्या अंदाजानं टाकू नका. दोन आठवडे प्रत्येक थांबा आणि त्याचं कारण ऑपरेटरकडून लिहून घ्या, मग टक्केवारी काढा. सुपरवायझर तोंडी सांगेल तो आकडा जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा चांगला असतो. यात त्याची लबाडी नसते. दोन-तीन मिनिटांचे थांबे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

दुसरी पायरी: बीओएम, म्हणजे एका नगाला काय काय लागतं

इथे घाई करू नका. नियोजनातल्या नंतरच्या तक्रारींचा मोठा भाग या पायरीत जन्माला येतो.

आधी आयटम कोड किती करायचे ते ठरवा. नवा माणूस प्रत्येक ऑपरेशननंतर एक कोड करतो: ब्लँक केलेला, फॉर्म केलेला, नट लावलेला, पिन लावलेला. मग प्रत्येकाचा साठा, प्रत्येकाची नोंद. तसं करू नका. जिथे माल थांबतो आणि मोजून ठेवला जातो तिथेच कोड. आपल्या नमुन्यात ब्लँक ट्रॉलीत थांबतो, म्हणून त्याला कोड. फॉर्मिंगचे दोन छोटे प्रेस वेल्डिंगच्या ओळीतच उभे आहेत, मधे माल थांबत नाही, म्हणून फॉर्म केलेल्या नगाला कोड नको. वेल्ड झालेला डावा आणि उजवा, कोटिंग होऊन पॅक झालेला डावा आणि उजवा, आणि खाली कॉइल, नट, पिन. एवढं पुरतं.

मग कॉइलचं वजन. कॉइल वजनावर विकत येते आणि लांबीवर वापरली जाते, सगळा घोळ इथून सुरू होतो. ब्रॅकेटची पट्टी १८४ मिमी रुंद, ३ मिमी जाड आणि डायचा (प्रेसवरच्या साच्याचा) पिच, म्हणजे दर नगामागे पट्टी जेवढी पुढे सरकते ती लांबी, १२० मिमी धरू. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. १८.४ × १२ × ०.३ × ७.८५ म्हणजे ५२० ग्रॅम. हे ग्रॉस वजन. ब्लँक तराजूवर ठेवला तर ४१० ग्रॅम भरतो. उरलेले ११० ग्रॅम स्क्रॅप. बीओएममध्ये ५२० लिहायचे, ४१० नव्हे. ही चूक नव्या बीओएममध्ये सर्रास सापडते, कारण ड्रॉइंगवर तयार नगाचं वजन छापलेलं असतं आणि माणूस तेच उचलतो. महिन्याला ३०,००० नगांवर हा फरक ३.३ टनांचा होतो. खरेदी तेवढी कमी होईल आणि कॉइल महिना संपायच्या आत संपेल. स्क्रॅपसुद्धा बीओएममध्ये वेगळ्या ओळीत टाका. भंगाराची गाडी भरताना काट्यावर आलेलं वजन आणि सॉफ्टवेअरनं दाखवलेलं स्क्रॅप यांचा मेळ बसला, तर तुमचा बीओएम बरोबर आहे याचा पुरावा आपोआप मिळतो.

अजून एक बारकावा. कॉइल ३.० मिमीची मागवली आणि जाडीत चालणाऱ्या फरकात (टॉलरन्समध्ये) ३.१ची आली, तर एका नगाला ५३७ ग्रॅम जातात. ३०,००० नगांना साधारण ५२० किलो जास्त. स्टोअरवाला म्हणेल माल कमी भरतोय, शॉपवाला म्हणेल आम्ही नाही वापरला, आणि दोघंही खरं बोलत असतील. म्हणून आवक तपासणीत जाडी नोंदवून घ्या आणि त्या कॉइलमधून प्रत्यक्ष किती नग निघाले ते लिहा. कॉइलनिहाय नगांची संख्या हा प्रेस शॉपमधला सगळ्यात उपयोगी आकडा आहे. तो लिहायला अर्धं मिनिट लागतं.

वेल्डिंग वायर, टिप, हातमोजे, गॅस यांना नगाच्या बीओएममध्ये घालण्याचा मोह टाळा. एका नगाला २.३ ग्रॅम वायर असं लिहून ठेवलं की दर आठवड्याला त्या ग्रॅमांची तफावत शोधत बसाल. वायर कन्झ्युमेबल (वापरून संपणारं सामान) म्हणून स्टोअरमधून एकरकमी काढा आणि पुनर्मागणीची पातळी लावून द्या. खर्च विभागावर टाकता येतो.

शेवटी रिजेक्शन. वेल्डिंगला दीड टक्का आणि कोटिंगनंतर अर्धा टक्का नग बाद होत असतील, तर १,२०० चांगले नग मिळवायला १,२०० सुरू करून चालत नाही. १,२०० भागिले ०.९९५ भागिले ०.९८५, म्हणजे सुमारे १,२२५ सुरू करावे लागतात. आता मघाचा हिशोब आठवा. वेल्डिंगची ताकद १,१५४ची होती, गरज १,२२५ची निघाली. रोजची तूट ४६वरून ७१वर गेली, महिन्याची १,७७५वर. एका सुट्टीच्या दिवशी कारखाना चालवून तूट भरेल असं वाटलं असतं, तिथे आता दीड दिवस लागतो. दोन टक्के रिजेक्शन ‘किरकोळ’ म्हणून बीओएमच्या बाहेर ठेवणाऱ्यांनी हा हिशोब नीट बघावा.

तिसरी पायरी: कॅलेंडर

नव्या सॉफ्टवेअरमध्ये रविवार सुट्टी धरलेली असते. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कॅलेंडर बदललं नाही तर सॉफ्टवेअर दर गुरुवारी उत्पादन लावतं आणि रविवारी मशीन रिकामं दाखवतं. तुमची सुट्टी, ग्राहकाची सुट्टी आणि कोटिंगवाल्याची सुट्टी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही कॅलेंडरं वेगळी भरा.

वर्षाचं कॅलेंडर भरताना पंचांग शेजारी घ्या. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, त्या दिवशी पूर्ण उत्पादन धरू नका. गणपतीत कोकणातली माणसं गावी जातात, तेव्हा हजेरी कमी धरा. दसरा-दिवाळीआधी दुचाकींची मागणी चढते आणि दिवाळीत कारखाने बंद राहतात, म्हणजे गरज वाढण्याची आणि दिवस कमी होण्याची वेळ एकच. तो साठा ऑगस्टपासून थोडा थोडा बांधायला लागतो. हे सॉफ्टवेअर स्वतःहून सांगणार नाही.

चौथी पायरी: ऑर्डर कशी मांडायची

मोठ्या कंपन्या वापरतात त्या एसएपी या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रिपीटिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग हा वेगळा भाग आहे. तिथे प्रत्येक लॉटला प्रॉडक्शन ऑर्डर उघडायची गरज नसते. मटेरियल मास्टरमध्ये खूण करायची, प्रॉडक्शन व्हर्जन (कोणत्या बीओएमनं आणि कोणत्या ओळीवर बनवायचं ते) बनवायचं, आणि एमएफ५० या प्लॅनिंग टेबलवर दिवसागणिक किंवा शिफ्टगणिक आकडे मांडायचे. नग तयार झाले की एमएफबीएफमध्ये नोंद. खर्च ऑर्डरऐवजी कॉस्ट कलेक्टरवर गोळा होतो आणि महिन्याचा हिशोब महिन्याला लागतो. मोठ्या कारखान्यात असाल तर हे तयार मिळेल, तुम्हाला फक्त शिकायचं आहे.

लहान-मध्यम कारखान्यात ईआरपीनेक्स्ट किंवा ओडू असण्याची शक्यता जास्त. ईआरपीनेक्स्ट मुंबईत घडलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, ओडू बेल्जियमचं. दोन्हींचा पाया वर्क ऑर्डर हाच आहे, ओडूमध्ये तिला मॅन्युफॅक्चरिंग ऑर्डर म्हणतात. त्यांच्यात वेगाचं नियोजन बसवण्यासाठी मी सुचवेन ते असं: ग्राहकाच्या प्रत्येक ऑर्डरला वर्क ऑर्डर जोडू नका. एका आयटमला एका आठवड्याची एकच वर्क ऑर्डर उघडा आणि तिच्यावर रोज, शिफ्टगणिक, तयार नगांची नोंद टाकत जा. आठवडा संपला की उरलेल्या आकड्यासकट ती बंद करा आणि नवी उघडा. दिवसाला एक उघडली तरी चालतं, पण आयटम पन्नास असतील तर महिन्याला साडेबाराशे ऑर्डर होतात. त्या बंद करायला माणूस कुठून आणणार?

ईआरपीनेक्स्टमध्ये वर्क ऑर्डर करताना माल आधी शॉपच्या गोदामात हलवण्याची पायरी वगळायची सोय आहे, ती वापरा. नोंद टाकली की माल थेट मूळ जागेवरून वजा होतो. मॅन्युफॅक्चरिंग सेटिंग्जमध्ये ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त उत्पादन चालेल ते लिहिता येतं. तिथे दोन-तीन टक्के ठेवा. शून्य ठेवलं तर कॉइल संपेपर्यंत मारलेले शेवटचे चाळीस ब्लँक नोंदवता येत नाहीत आणि लोक ते खिशातल्या डायरीत लिहायला लागतात.

पाचवी पायरी: प्रेसचा लॉट

वेल्डिंग वाहतं, प्रेस वाहत नाही. ब्लँकिंग प्रेस मिनिटाला ३० स्ट्रोक मारत असेल तर दिवसाची गरज चाळीस-एक मिनिटांत निघते, आणि नंतर तोच प्रेस दुसऱ्या सात जॉबना लागतो. डाय बदलायला ४५ मिनिटं. मग एका वेळी किती मारायचे?

सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणेल, डाय चढलाय तर आठवड्याचे काढून टाकू. त्याच्या बाजूनं ते बरोबर दिसतं. पण मग बाकीचे सात जॉब ताटकळतात, ट्रॉल्या संपतात आणि कॉइल एकाच ब्रॅकेटमध्ये अडकून पडते. हिशोब असा करा. दिवसाच्या ८६० मिनिटांतून बिघाड आणि इतर थांबे वजा जाता ७३१ उरतात. आठही जॉबची रोजची गरज मारायला समजा ५०० मिनिटं लागतात. उरली २३१. भागिले ४५, म्हणजे दिवसाला पाच सेटिंग करता येतात. जॉब आठ, सेटिंग पाच, म्हणजे प्रत्येक जॉबचा नंबर साधारण दीड-पावणेदोन दिवसांनी लागतो. म्हणून लॉट दोन दिवसांच्या गरजेचा. सॉफ्टवेअरमध्ये ब्लँकचा लॉट २,४५० टाका, एवढंच.

हाच हिशोब डाय बदलण्याचा वेळ कमी करण्याची किंमतही दाखवतो. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी डाय दहा मिनिटांच्या आत बदलण्याची पद्धत रूढ केली. तुम्ही ४५वरून २०वर आलात, तरी दिवसाला अकरा सेटिंग बसतात आणि प्रत्येक जॉब रोज मारता येतो. ब्लँकचा साठा निम्म्यावर येतो. नियोजन करणाऱ्यानं हा मुद्दा टूल रूमकडे घेऊन जायला कचरू नये.

सहावी पायरी: डावे-उजवे मिसळा आणि प्लॅन गोठवा

१८,००० डावे आणि १२,००० उजवे. पहिले पंधरा दिवस डावे आणि पुढचे दहा दिवस उजवे काढले तरी महिन्याची बेरीज जुळते. पण ग्राहकाच्या असेंब्ली लाइनला रोज दोन्ही लागतात. सोळाव्या दिवसापर्यंत उजवे द्यायचे असतील तर ते आधीच्या महिन्यात बनवून ठेवावे लागतील. म्हणून रोज ७२० डावे आणि ४८० उजवे, प्रमाण तीनास दोन. आपल्या ओळीत फॉर्मिंगचे दोन्ही डाय चढलेले आहेत आणि वेल्डिंगचं फिक्श्चर दोन्हींना चालतं, त्यामुळे तीन बिन डावे, दोन बिन उजवे, पुन्हा तीन डावे, असा फेरा लावता येतो. टोयोटात या समतोलाला हेइजुन्का म्हणतात. फिक्श्चर बदलायला वेळ लागत असेल तर फेरा मोठा करा, निदान शिफ्टगणिक तरी बदला.

वाहन कंपन्यांचं शेड्यूल बहुधा असं येतं: चालू महिना पक्का, पुढचे दोन अंदाजे. आणि पक्का महिनाही मधेच हलतो. प्रत्येक बदलाबरोबर सॉफ्टवेअरला नवा प्लॅन काढू दिला तर शॉपवरची माणसं प्लॅन वाचणंच सोडून देतात. पुढच्या तीन दिवसांचा प्लॅन गोठवून ठेवा. ग्राहकानं आज वाढ मागितली तर ती चौथ्या दिवसापासून प्लॅनमध्ये येईल, आणि मधल्या तीन दिवसांची गरज तयार मालाच्या राखीव साठ्यातून भागवाल. तो साठा किती ठेवायचा हे ठरवायला मागच्या सहा महिन्यांत शेड्यूल तीन दिवसांच्या आत जास्तीत जास्त किती हललं ते बघा.

सातवी पायरी: बॅकफ्लश

तयार नगांची संख्या टाकली की बीओएमप्रमाणे कच्चा माल आपोआप वजा होतो, याला बॅकफ्लश म्हणतात. दिवसाला १,२०० नगांना हाताने माल काढून देणं शक्यच नाही, त्यामुळे ही सोय लागतेच. नोंदीच्या जागा मात्र मोजक्या ठेवा. आपल्याकडे तीन पुरतात: ब्लँकिंग झाल्यावर, वेल्डिंगच्या शेवटी, आणि कोटिंगहून येऊन बिन पॅक झाल्यावर. ऑपरेटरला दर ४३ सेकंदांनी बटण दाबायला लावू नका. भरलेला बिन हे मोजण्याचं एकक. ५० नगांचा बिन भरला, एक स्कॅन.

बाद नग त्याच वेळी नोंदवले गेले पाहिजेत. वेल्डिंगला बाद झालेल्या नगानं ब्लँक, दोन नट आणि पिन खाल्लेली असते. तो नोंदवला नाही तर सॉफ्टवेअरमध्ये ते सामान अजून शिल्लक दिसतं. महिन्याच्या शेवटी नट संपल्यावर सगळे म्हणतात सॉफ्टवेअर चुकतंय. लाल बिनमधले नग मोजून शिफ्ट संपायच्या आत टाकणं ही एकच सवय लागली, तरी निम्मी भांडणं मिटतात. बाद नग दाखवणाऱ्या ऑपरेटरला रागावू नका. एकदा रागावलात की पुढचे नग मशीनखाली सापडतील.

कधी ना कधी नोंद अडेल: नट शिल्लक नाहीत असा संदेश येईल, आणि समोर तर नटांची पेटी पडलेली असेल. ईआरपीनेक्स्टमध्ये साठा शून्याखाली जाऊ देण्याची खूण आहे. ती लावली की संदेश बंद होतात आणि काम पुढे सरकतं. मी तिच्या ठाम विरोधात आहे. आलेल्या मालाची पावती अजून केलेली नाही, किंवा बीओएममध्ये दोनऐवजी तीन नट लिहिलेत, किंवा कालची नोंद दोनदा पडलीये, यापैकी काय ते तो संदेश शोधायला लावत असतो. अडलेल्या नोंदी रोज संध्याकाळी मोकळ्या करा. एसएपीमध्ये अशा नोंदी एमएफ४७ मध्ये साठत जातात, आणि महिनाभर तिकडे कुणी पाहिलं नाही की साठ्याचा आकडा भरवशाचा राहत नाही.

आठवी पायरी: बाहेर गेलेला माल

कोटिंगवाल्याकडे गाडी रोज जाते आणि माल दोन दिवसांनी परत येतो. म्हणजे त्याच्याकडे कोणत्याही क्षणी साधारण २,४०० नग असायला हवेत. वेग गुणिले वेळ म्हणजे मधे अडकलेला माल. जॉन लिटल यांनी १९६१ साली हा नियम सिद्ध केला, आणि कारखान्यात याच्याइतकं सोपं आणि कामाचं सूत्र दुसरं नाही. सॉफ्टवेअर त्याच्याकडे ५,००० दाखवत असेल तर दोनच शक्यता: तिथे माल खरंच तुंबलाय, किंवा परत आलेली चलनं (मालासोबत जाणारे-येणारे कागद) नोंदवलेली नाहीत. फोन करून मोजून घ्या, त्याच दिवशी कळतं.

जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरून काम करून घेण्यासाठी पाठवलेला, माल चलनावर जातो, आणि जीएसटी कायद्याच्या कलम १४३प्रमाणे तो एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर भरावा लागतो. रोजच्या मालाला वर्ष लागत नाही हे खरं. पण रिवर्कसाठी गेलेले, बाजूला ठेवलेले, विसरलेले नग चलनावर उघडे राहतात. दर महिन्याला जुनी उघडी चलनं बघत जा. सॉफ्टवेअरमध्ये त्या पार्टीच्या नावानं वेगळं गोदाम बनवा, म्हणजे हा साठा एका नजरेत दिसेल.

नववी पायरी: रोजची बैठक, एकूण बेरजेवर

आज १,२०० झाले का, हा प्रश्न अर्धवट आहे. कालची तूट आजच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून एकूण बेरीज ठेवा. दहाव्या कामाच्या दिवशी १२,००० व्हायला हवेत, झालेत ११,६४०, म्हणजे ३६० मागे. अकराव्या दिवशी १,२५० निघाले तर लोक खूश होतील, पण तुम्ही अजूनही ३१० मागे आहात. जर्मन वाहन उद्योगात पुरवठ्याचा सगळा हिशोब अशा चढत्या बेरजेवर चालतो. आपल्याकडेही अनेक शेड्यूलवर ‘क्युम’ असा रकाना असतो, तो हाच. ग्राहकाची बेरीज, तुमच्या डिस्पॅचची बेरीज आणि पॅकिंगची बेरीज शेजारी शेजारी ठेवली की कुठे अंतर पडलंय ते विचारावं लागत नाही. डावे आणि उजवे वेगळे धरा. एकत्र बेरीज जुळते आणि उजवे दोनशे कमी असतात, असं वारंवार होतं.

ओळीच्या डोक्यावर तासाचा फळा लावा: लक्ष्य ८४, झाले किती, कमी का. फळा खडूचा असला तरी चालेल. सकाळची बैठक ओळीजवळच उभ्यानं घ्या, पंधरा मिनिटं. काल किती मागे पडलो, का, आणि ते कधी भरून काढणार, एवढंच बोला. भरून काढण्याची तारीख सॉफ्टवेअरमध्ये टाका. ‘बघू’ असं लिहायला रकाना नसतो, हा त्याचा फायदा.

सुरुवात कुठून करायची

सगळा कारखाना एकदम चढवू नका. एक ओळ निवडा, शक्यतो जिथला सुपरवायझर आकडे लिहिणारा आहे ती. महिन्याच्या पहिल्या तारखेआधीच्या सुट्टीच्या दिवशी त्या ओळीचा सगळा माल हातानं मोजा: ट्रॉलीतले ब्लँक, पेटीतले नट, लाल बिन, कोटिंगवाल्याकडचे नग. मोजणाऱ्यांत स्टोअरचा एक आणि शॉपचा एक, दोघंही हवेत, म्हणजे नंतर आकड्यावर वाद होत नाही. मग तो साठा टाकून सुरुवात करा.

पहिले दोन आठवडे वही चालू ठेवा. रोज संध्याकाळी वहीतला आणि सॉफ्टवेअरमधला साठा पाच आयटमांसाठी ताडून बघा, दर दिवशी वेगळे पाच. कॉइल आणि पिन यांसारखे महाग आयटम मात्र रोज. तफावत सापडली की आकडा दुरुस्त करून थांबू नका, कारण लिहून ठेवा. ग्रॉस वजन चुकलं, बाद नग राहिले, पावती उशिरा झाली, बिनमध्ये ५०ऐवजी ४८ भरले. तिसऱ्या आठवड्यात ती यादी वाचलीत तर तीन-चार कारणंच पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. ती मुळातून काढा. लागोपाठ दहा दिवस ताडलेले आयटम एक टक्क्याच्या आत जुळले, की वही बंद करा आणि दुसरी ओळ घ्या.